पिंपांच्या कारखान्यातली चाकं

साओ पाउलो, ब्राझील. पोंपेया ही जुनी कामगारवस्ती. विटांच्या शेड, मधोमध फरसबंदी गल्ली. 1930 च्या दशकात उभ्या राहिलेल्या या कारखान्यात आधी पत्र्याची पिंपं बनत, नंतर फ्रिज.

1971 मध्ये तो ‘सेस्क’ने घेतला. व्यापार-सेवा क्षेत्रातल्या नोकरदारांसाठी 1946 पासून काम करणारी ही संस्था. मालकांनी पगारखर्चाच्या दीड टक्का भरायचा, त्यावर ती चालते.

कारखान्याचं सांस्कृतिक आणि क्रीडा केंद्र करायचं काम वास्तुविशारद लीना बो बार्दी यांच्याकडे आलं. पहिल्या भेटीत त्यांनी पाहिला तो काँक्रीटचा सडपातळ सांगाडा. पुन्हा आल्या, त्या दिवशी शनिवार होता. फुटक्या छपरातून पाऊस गळत होता आणि पोरं त्याच पाण्यात फुटबॉल खेळत होती. दारापाशी आया मांस भाजत होत्या. शेजारी बाहुल्यांचा खेळ रंगलेला. हे असंच चालू राहायला हवं, असं लीनांना वाटलं. नकाशा नंतर आला.

त्यांनी ऑफिसच बांधकामाच्या जागेवर थाटलं. वाळूचा मारा करून भिंतींचा गिलावा उतरवला, आतली वीट उघडी केली. आणि एका शेडमध्ये शिकण्यासाठी कार्यशाळा मांडल्या: मातीकाम, सुतारकाम, विणकाम, छपाई. मधल्या भिंती ओबडधोबड सिमेंट ब्लॉकच्या, त्याही छपरापर्यंत न नेलेल्या. त्यामुळे रंधा चालला की कुंभाराच्या चाकावर बसलेल्यालाही ऐकू येतो. कला शिकवणाऱ्या कितीतरी इमारती बंद दारांच्या वर्गांपलीकडे जात नाहीत. इथे शेजाऱ्याचं कामही शिकवतं.

नाट्यगृहातल्या खुर्च्या मात्र लाकडी, गादीशिवायच्या. पाठ दुखते, अशी तक्रार होणारच. प्रेक्षकाने फार सैलावू नये, हाच लीनांचा हेतू.

1982 मध्ये हे केंद्र खुलं झालं. त्याच वर्षी जानेवारीत आपल्या गिरणगावात संप सुरू झाला होता. पुढे लोअर परळच्या कितीतरी गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले. दोन्हीकडे शेड होत्या, जमिनीला भावही होता. पोंपेयात जागेची मालकी अशा संस्थेकडे होती, जिला ती विकून नफा कमवायचा नव्हता.

खेळांसाठी नवी इमारत हवी होती, पण जागेखालून ओढा जातो. त्यावर बांधता येत नाही. म्हणून त्याच्या दोन्ही काठांना काँक्रीटचे मनोरे उभारले आणि वरच्या वर पुलांनी जोडले. ते 1986 मध्ये पूर्ण झाले. ओढ्यावर लाकडी फळ्या अंथरल्या. साओ पाउलोला समुद्र नाही, त्यामुळे ऊन पडलं की लोक त्या फळ्यांवरच पसरतात.