शिफ्ट किती तासांची ते सोडा, टर्नअराउंड किती ते सांगा!

नमस्कार मंडळी! आज महिन्याचा दुसरा रविवार, म्हणजे आमची सुट्टी. सेंट्रलवर मेगाब्लॉक, त्यामुळे डोंबिवलीतून हलायचा प्रश्नच नाही. म्हटलं, बोलून टाकू.

‘ताई, मालिकेत काम करून घर कसं सांभाळता?’ गेल्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट ह्याच. त्यात सध्या आठ तासांच्या शिफ्टची चर्चा जिकडेतिकडे.

बेसिक पटकन उरकते. आमची शिफ्ट बारा तासांची, सात ते सात किंवा नऊ ते नऊ. डबा न्या, पाणी प्या, मिळेल तिथे डुलकी काढा. हे तुमच्या आईने सांगून झालंय. पुढे.

खरी गोची टर्नअराउंडची आहे. आजच्या पॅकअपपासून उद्याच्या कॉलपर्यंतचा, म्हणजे सेटवर हजर व्हायच्या वेळेपर्यंतचा वेळ म्हणजे टर्नअराउंड. हिशोबच करू. आमचा सेट घोडबंदर रोडला. सात ते सातची शिफ्ट ‘थोडी’ लांबली, पॅकअप रात्री साडेदहाला. मी सहायक दिग्दर्शक, कंटिन्युइटी बघते, म्हणजे एका शॉटमधली वस्तू पुढच्या शॉटमध्येही तिथेच आहे ना ते. त्यामुळे नोंदी पूर्ण करून निघेपर्यंत अकरा. तिथून ठाणे स्टेशन, मग लोकल, मग रिक्षा. घरी पाऊण वाजता. उद्याचा कॉल पुन्हा सातचा, म्हणून साडेपाचला घराबाहेर. कागदावर मधे साडेआठ तास दिसतात. घरात मी किती? पावणेपाच. त्यात आंघोळ, जेवण आणि नवऱ्याशी भांडण.

‘पण सगळ्यांनाच तसंच असतं ना?’ नाही हो. कलाकाराचा पहिला सीन दुपारी असेल तर त्याचा कॉलही उशिराचा. स्पॉट दादा मात्र सगळ्यांच्या आधी, कारण युनिट यायच्या आत चहा लागतो. मेकअप दादा, हेअरच्या ताई, लाइट दादा, आम्ही सहायक, सगळे लवकर येणार आणि उशिरा जाणार. शिफ्ट एकच, पण टर्नअराउंड प्रत्येकाचं वेगळं. म्हणून म्हणते, शिफ्ट विचारू नका!

आणि हे बिघडतं कधी? बँक संपली की. तयार भाग हाताशी असले की त्याला आम्ही बँक म्हणतो. चॅनलने रविवारी एक तासाचा महाएपिसोड लावला की बँक साफ. मग आज शूट केलेलं उद्या टीव्हीवर, आणि पॅकअप देवाच्या भरवशावर.

मागच्या गणपतीत तेच झालं. सेटवर एकच आरती आम्ही नऊ वेळा केली. आधी मास्टर, म्हणजे सगळ्यांचा एकत्र शॉट, मग एकेकाच्या चेहऱ्याचे क्लोज, मग सासूच्या रिअॅक्शन. ताटात एकवीस मोदक. हिरो प्रत्येक टेकला एक खाणार आणि मी तो परत भरणार. इकडे घरी दीड दिवसाचा गणपती, मी पोचले ती विसर्जनाला. आरती सुरू असताना सासूबाईंना म्हणाले, ‘आई, निरांजन मघाशी डाव्या हाताला होतं.’ त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं की बस्स!

आता कमेंटवाल्या मंडळींकडे. एक दादा लिहितात, ‘मेडिटेशन करा.’ कधी करू, माजिवड्याच्या सिग्नलला? दुसरे म्हणतात, ‘पैसे मिळतात ना, मग तक्रार कसली?’ मिळतात हो, नव्वद दिवसांनी. जानेवारीत घासायचं, एप्रिलमध्ये दिसायचं. ‘सोडून द्या’वाल्यांना काय सांगू? मला हे काम आवडतं, नाहीतर मोदक कोण मोजत बसेल?

तर मी काय करते ते सांगते. रात्री युनिटच्या ग्रुपवर कॉलशीट, म्हणजे उद्या कोणी किती वाजता यायचं त्याची यादी, पडली की ‘खूप दमले’ वगैरे काहीही लिहीत नाही. त्यावर ‘सगळेच दमलेत’ हे उत्तर तयार असतं. मी फक्त आकडे टाकते : ‘पॅकअप १०:३०, कॉल ७:००, टर्नअराउंड साडेआठ तास.’ बास. आणि ग्रुपवरच, प्रॉडक्शन मॅनेजरला खासगीत नाही. खासगीत लिहिलं की ती तुमची अडचण होते. ग्रुपवर लिहिलं की ते शेड्यूल होतं. पहिल्यांदा टाकलं तेव्हा दहा मिनिटं कोणी चकार शब्द काढला नाही. मग लाइट दादांचा अंगठा आला. मग मेकअपचा. मग हेअरच्या ताईंचे दोन अंगठे.

मी नऊचा कॉल मागणार होते, आला आठचा. एक तास. त्या एका तासात मी झोपले, दुसरं काही केलं नाही.

तुम्ही नर्स असाल, हॉटेलात असाल, न्यूज चॅनलच्या नाइटला असाल, तर तुमचे आकडे खाली टाका. घरात पाय ठेवल्यापासून परत चप्पल घालेपर्यंत किती तास? शिफ्ट लिहाल तर कमेंट वाचणार नाही, आधीच सांगते.