हरणाचं मटण आणि गच्चीवरची मेथी

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘घरची भाजी आणि इंदूर पद्धतीचं खत’. त्यावर मी बोलणारच आहे. पण आधी हरणाच्या मटणाबद्दल बोलायचंय. अध्यक्षबाईंना हे मुद्दाम कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर श्रावण आठवड्यावर आलेला असताना हा माइक माझ्या हातात आला नसता.

गेल्या सप्टेंबरात मी लेकीकडे अमेरिकेत, विस्कॉन्सिनला गेले, ती जानेवारीत परतले. लहानसं गाव. शेजारी सत्तरीतले एक आजोबा, एकटेच. त्यांच्या घरामागे भाजीचे वाफे आणि भोवती आठ फूट उंच जाळी. मी विचारलं, चोर येतात का हो? म्हणाले, येतात, चार पायांचे. तिथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण कोबी, घेवडा, टोमॅटोचे शेंडे, सगळं फस्त करतं आणि कमी उंचीचं कुंपण उभ्या उभ्या उडी मारून ओलांडतं. नेमकं त्याच सुमारास मी मोबाइलवर आपल्याकडची बातमी वाचत होते. शाजापूरकडे शेतात घुसणारी काळविटं आणि रोझ, म्हणजे नीलगायी, हेलिकॉप्टरने हाकून, नरसाळ्यासारख्या आवारात घालून, गाड्यांतून जंगलात नेऊन सोडत होते. बोमा म्हणतात त्या पद्धतीला, आफ्रिकेतली. म्हणजे दुखणं एकच. (जाता जाता, काळवीट हे शास्त्राने हरीण नव्हे. हरणाची शिंगं दरवर्षी गळतात, काळविटाची जन्मभर राहतात. चितळ, सांबर ही खरी हरणं. मास्तरीण होते मी, सवय जात नाही.)

नोव्हेंबरात तिथे बंदुकीचा हंगाम असतो, नऊ दिवसांचा. आजोबा पहिल्या दिवशी पहाटे निघाले ते अंगात भडक नारिंगी जाकीट घालून. आपली जिलबी फिकी पडेल असा रंग. मी म्हटलं, हरणाला दिसणार नाही का? तर हरणाला नारिंगी रंग नीट ओळखताच येत नाही म्हणे, आणि दुसऱ्या शिकाऱ्याला मात्र लांबून दिसतो. झाडावर मचाण बांधलेलं, त्यावर उणे तापमानात गप्प बसायचं. पहिला दिवस रिकामा. दुसरा रिकामा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बर्फातून दोरीने ओढत एक नर घेऊन आले. परवान्याबरोबर ठरावीक प्राण्यांचीच मुभा मिळते, आणि मारलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजायच्या आत नोंद करावी लागते. त्यांनी ती तिथेच फोनवर केली. मग आतडी काढणं, गॅरेजमध्ये टांगणं, चामडं उतरवणं, टेबलावर प्लास्टिक पसरून तुकडे करणं, सगळं एकहाती. मी खिडकीतून बघत होते. लेक म्हणाली, आई, पडदा ओढ. मी ओढला नाही.

आणखी एक. तिथल्या हरणांत मेंदूचा एक असाध्य रोग आहे, २००२ साली त्या राज्यात सापडला. म्हणून मानेतल्या गाठी तपासायला पाठवतात. अहवाल येईपर्यंत आजोबांनी त्या मांसाला हात लावला नाही. अहवाल आल्यावर एका सकाळी दारात उभे. हातात पांढऱ्या कागदात गुंडाळलेलं पुडकं, त्यावर पेन्सिलने तारीख, आणि घरच्या टोमॅटोची एक बरणी. ते विकता येत नाही तिथे. घरी खायचं नाहीतर वाटायचं.

जावईबापू अंड्यालाही न शिवणारे. लेकीचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. पण मंडळी, माझं सासर इंदूरचं असलं तरी माहेर ग्वाल्हेरचं, आणि आमचे आजोबा बंदूकवाले. १९७२चा वन्यजीव कायदा यायच्या आधीची गोष्ट. आजी सांगायची, हरणाच्या मटणाला चरबी नसते, घाई केलीस तर चामडं होईल. तीळ-खोबऱ्याचं वाटण, तेल सढळ, आच मंद. मी ते पुडकं गॅरेजमध्ये विजेच्या शेगडीवर शिजवलं, तीन तास, दार उघडं टाकून, अंगात दोन स्वेटर आणि जावयांचा जुना कोट. त्या कोटाला वास लागला हे त्यांना अजून माहीत नाही. आज कळेल, ते यूट्यूबवर बघताहेत.

खाल्लं का? खाल्लं. दोन वाट्या. आणि खाताना माझ्या आजोबांची आठवण आली ती जरा वाईटच. आमच्या घरात त्यांच्या शिकारीचे फोटो दिवाणखान्यात होते. एका पायाखाली सांबर, हातात बंदूक, मिशीला पीळ. पण रान हाकणारे हाकारे दुसरे, ओझं वाहणारे दुसरे, सोलणारा दुसरा, शिजवणारी आजी. आजोबांनी काय केलं? एक बोट वाकवलं. आपल्या राळामंडळच्या टेकडीवर होळकरांची शिकारगाह आहे, बघितली असेल. तिथेही तोच थाट असणार. आता ते अभयारण्य झालंय, १९८९ पासून, आणि ते फार बरं झालं. विस्कॉन्सिनचे आजोबा मला त्या फोटोतल्या आजोबांपेक्षा आमच्या आजीच्या जातकुळीतले वाटले. उन्हाळ्यात ज्या हरणापासून कोबी राखायचा, हिवाळ्यात त्यातलंच एक मारून त्याच बागेतल्या टोमॅटोबरोबर खायचं. प्राण्याशी वैर नाही, त्याच्यावर कविताही नाही. इथे तसलं काही करायचं कुणी मनात आणू नका. आपल्याकडे शिकार गुन्हा आहे आणि माझी त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती दुसरीच.

जानेवारीत परत आले. गच्चीवर मी जाताना खताचे दोन ड्रम भरून ठेवले होते, तीन महिन्यांत पिकणारे. ड्रम रिकामे! धुऊन, उपडे घालून ठेवलेले. आमच्या इमारतीच्या कमिटीने ‘वास येईल’ म्हणून, येतो म्हणून नव्हे, येईल म्हणून, ते सगळं ओला कचरा समजून गाडीत घातलं होतं. अहो, पिकलेल्या खताला पहिल्या पावसाचा वास येतो! मी बैठक बोलवा म्हटलं. बोलावली. विषय पार्किंगवर गेला. माझं खत देवगुराडियाच्या कचरा प्रकल्पात गेलं, त्याचा गॅस झाला असेल, एखादी सिटी बस पळाली असेल त्यावर. स्वच्छतेत आपण पहिले, मान्य. पण कचरा दारातून गेला की आपला संबंध संपला, असं आपण...

चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं.

तर इंदूर पद्धत. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ इथे होते, आपल्या आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागी जी संस्था होती तिचे संचालक. होळकर दरबाराने जमीन दिलेली. तिथे त्यांनी खत करण्याची रीत बसवली आणि तिला आपल्या गावाचं नाव दिलं. १९३१च्या पुस्तकावर त्यांच्याबरोबर यशवंत वाड यांचं नाव आहे. हे वाड इथल्या किती जणांना माहीत आहेत? हात वर करा. तीन. गांधीजी १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनाला आले तेव्हा ती संस्था बघून गेले, आणि आपण पोहे खायला त्याच रस्त्याने जातो.

रीत सोपी. वाळका पाला जाड थरात, वर शेणकाला, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि थोडी राख, पुन्हा पाला. ओल पिळलेल्या फडक्याएवढी. पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, मग दोन महिन्यांनी उलथायचं. मधे तो ढीग असा तापतो की हात घालवत नाही. तीन महिन्यांत खत. गच्चीवर गोठ्याची मूत्रमाती कुठली आणणार? भाजीची देठं, चहाचा चोथा, आणि शेण गोठ्यावरून पाटीभर. वाळक्यासाठी उसाच्या चरखीवरची चिपाडं मागा, फुकट देतात. भुट्ट्याची सालं बारीक चिरून घाला, अख्खी घातलीत तर वर्षभर सालंच राहतील. भुट्ट्याचा कीस खाणाऱ्या गावात त्यांचा तोटा नाही. वास आला तर ओल जास्त झाली, वाळका पाला वाढवा, कमिटीला सांगू नका.

दोन मिनिटं म्हणताहेत. मला जे म्हणायचं होतं ते एवढंच की, शाजापूरच्या शेतकऱ्याचा हरभरा रोझ खातो तेव्हा आपण शहरात बसून रोझाच्या बाजूने बोलतो, हरभरा महागला की शेतकऱ्याला बोलतो. दोन्ही मतं फुकट, कारण आपलं एक पानही कुणी खाल्लेलं नसतं. माझी मेथी माकडांनी उपटली त्या सकाळपासून मी दोघांबद्दल जरा जपून बोलते. माकडांबद्दल नाही.

बाहेर टेबलावर दोडक्याच्या बिया ठेवल्यात, घरच्या. प्रत्येकाने चारच घ्या. रात्रभर भिजवा, दोन पेरा, दोन शेजाऱ्याला द्या. आणि कमिटीतल्या ज्या गृहस्थांनी माझे ड्रम धुतले ते मागच्या रांगेत बसलेत, त्यांच्यासाठी वेगळी पुडी आहे, माझ्याकडून घेऊन जा.