रक्तवाहिनी वय सांगते का?

नमस्कार, श्रोतेहो. नारळी पौर्णिमेला नारळ सोडून बोटी दर्यात गेल्या, की आमच्या किनाऱ्यावर एक नकोशी गोष्ट अधूनमधून घडते. भरतीबरोबर एखादं प्रेत पुळणीला लागतं. चेहरा मासे-खेकड्यांनी खाल्लेला, खिसे रिकामे. पंचनामा होतो, प्रेत आमच्याकडे येतं आणि हवालदार नाकाला रुमाल लावून दारातूनच विचारतो, “डॉक्टरांनू, वय काय तां सांगा.” बेपत्ता माणसांच्या यादीत शोधायला त्याला वय हवं असतं.

मेलेला तरुण असेल तर हाडं बरीच मदत करतात. त्यांची टोकं साधारण ठरलेल्या वयात सांधत जातात. कॉलर बोनचं छातीकडचं टोक सगळ्यात शेवटी, तिशीच्या आसपास. त्यानंतर मात्र हाडांचं बोलणं मोघम होतं. अशा वेळी मी महाधमनी उघडून बघायचो. शाळेच्या पुस्तकात धमनीला रोहिणी म्हणत, आठवतं? हृदयातून निघणारी ही सगळ्यात मोठी रोहिणी. बाकीचे अवयव सडले तरी ती बरीच टिकते, कारण तिच्या भिंतीत चिवट, लवचिक तंतूंचे थरावर थर असतात.

तरुणाची महाधमनी आतून गुळगुळीत असते; ताणून सोडली की परत आखडते. वय वाढतं तसे तंतू तुटत जातात आणि नळी रुंद, ताठर होते. उन्हात पडलेली बागेतली रबरी नळी आठवा. आतल्या अस्तरावर आधी पिवळसर रेघा, मग पांढुरके उंचवटे, शेवटी चुना. म्हाताऱ्या माणसाच्या धमनीवर कात्री चालवताना शिंपला फुटल्यासारखा आवाज येतो. कुजलेल्या प्रेतात अस्तर रक्ताने लालभडक होतं आणि डोळे फसतात, म्हणून मी बोट फिरवायचो. खडबडीतपणा बोटाला कळतो.

हा चुना माणसामागेही उरतो. सुदानमधल्या अमारा वेस्ट इथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांत धमन्यांचे असे दगडी तुकडे सापडले. खणणारा बेसावध असेल तर मुळ्या समजून फेकून देईल. आपल्या तांबड्या, आम्लधर्मी मातीत तर हाडंच विरघळतात, तिथे हे तुकडे कुठले टिकायला!

पण हे घड्याळ सगळ्यांचं एका चालीने चालत नाही. कोरियातल्या युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांची हृदयं तपासली होती. अहवाल १९५३ सालचा, सरासरी वय २२. तरी तीन चतुर्थांशांहून अधिक जणांच्या हृदयाच्या धमन्यांत आजाराच्या खुणा होत्या. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा आजार यांनी धमनी लवकर पिकते. पाळी जाईपर्यंत बायकांची त्यामानाने मागे राहते. म्हणून नुसत्या धमनीवरून वयाचा आकडा लिहिणारा डॉक्टर मला धाडसी वाटतो.

एका श्रावणात असंच एक प्रेत आलं. महाधमनी चुन्याने भरलेली, साठीच्या माणसाला शोभेल अशी. जांघेच्या वरचा, ओटीपोटाखालचा हाडांचा सांधा मात्र चाळिशीच्या आतबाहेरचं काहीतरी सांगत होता. मी सांध्याचं ऐकलं आणि लिहिलं, ३५ ते ५०. चार दिवसांनी दंडावरच्या गोंदणावरून भावाने ओळख पटवली. खलाशी होता, वय ४१.

“विडी ओढायचे का?” मी विचारलं.

भाऊ म्हणाला, “मिशी फुटायच्या आधीपासून.”