वही टिकेल, सहीचं बोला

(अंबाजोगाईत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मागं ऐकू येतंय ना? हां. मुकुंदराज-दासोपंतांच्या गावात तोंड उघडायचं म्हणजे आधीच धाक, त्यात विषय क्वांटम कॉम्प्युटर, म्हणजे सूक्ष्म कणांच्या नियमांवर चालणारं नवं यंत्र, आणि ब्लॉकचेनची सुरक्षा. निवेदकांनी तर ‘ब्लॉकचेन बुडणार’ असं जाहीरच करून टाकलं. बुडणार नाही. ब्लॉकचेनमध्ये एक वही असते, अनेक कॉम्प्युटरवर मिळून ठेवलेली व्यवहारांची नोंद, आणि एक सही, व्यवहार मालकानंच केला याचा पुरावा. बिटकॉइन या डिजिटल नाण्याची वही एसएचए-२५६ या हॅशवर, म्हणजे नोंदीचा छोटा ठसा काढणाऱ्या गणितावर, उभी आहे, सही इलिप्टिक कर्व्हच्या गणितावर. माझं भांडण सहीशी आहे, आणि ते कॉम्प्युटरच्या आधीचं आहे.

आम्हाला वारसाचा फेर ओढायचा होता. आजोबा निजामाच्या काळातले. तरुणपणी मोडीत सही करायचे, पुढं बाळबोधीत करायला लागले. खरेदीखतावर एक सही, वाटणीपत्रावर दुसरी. कारकून म्हणाला, “सह्या जुळंनात.” म्हटलं, माणूस एकच आहे. “मग त्यांना समोर सही करायला लावा.” म्हटलं, ते वारले, म्हणून तर वारसाचा फेर! तो शांतपणे म्हणतो, “ते बरोबर आहे हो, पण सही तर त्यांचीच लागती.” (हशा) मग मोडी वाचणारा शोधा. एक निवृत्त मास्तर सापडले, त्यांनी वाचून दाखला लिहून दिला. तर कचेरीत विचारलं, ह्या मास्तरांची सही कोण ओळखतो?

हसू नका, तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या घरी असं गाठोडं असेल. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी उर्दू-मोडीची दप्तरं निघाली, तेव्हा साऱ्या मराठवाड्याला मोडीवाले आठवले. ते असो. त्या फेराचं पुढं काय झालं ते सांगत बसलो तर...

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, पळतो.

१९९४ साली पीटर शोर या गणितज्ञानं दाखवलं, की पुरेसा मोठा क्वांटम कॉम्प्युटर असला तर पब्लिक कीवरून, म्हणजे जगाला दाखवायच्या किल्लीवरून, प्रायव्हेट की, म्हणजे सही करायची गुप्त किल्ली, काढता येते. मग तुमच्या नावानं केलेली सही गणिताला खरीच वाटणार. वहीच्या हॅशवर १९९६ चा ग्रोव्हरचा अल्गोरिदम, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरची झटपट शोधायची रीत, चालतो, पण तो २५६ बिटांची ताकद फार तर १२८ वर आणतो. तेवढी पुष्कळ झाली. म्हणजे जुने व्यवहार कोणी खोडणार नाही. भीती नव्या, चोरट्या व्यवहाराची.

यंत्र अजून आलेलं नाही. गूगलची २०२४ ची विलो चिप १०५ क्यूबिटची; क्यूबिट म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचा बिट. बिटकॉइनची सही मोडायला सुमारे २,३३० निर्दोष क्यूबिट लागतील, असा २०१७ चा एक अंदाज आहे, आणि एकेका निर्दोष क्यूबिटमागं कच्चे शेकड्यांनी. पण थांबायला नको, कारण पब्लिक की आजच उघड्या पडल्यात. बिटकॉइनच्या नेहमीच्या पत्त्यात, म्हणजे खाते क्रमांकासारख्या आकड्यात, की हॅशमागं झाकलेली असते, पहिला खर्च केला की दिसते. म्हणून पत्ता पुन्हा वापरू नये. २००९ ची सुरुवातीची नाणी तर उघड्या कीवरच पडून आहेत.

औषध आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटमपुढं टिकतील अशा नव्या सह्यांची मानकं काढली. पण आजची सही ७० बाइटच्या आसपास, त्या नव्यातल्या एमएल-डीएसएची किमान २,४२०. ब्लॉकमध्ये, म्हणजे वहीच्या पानात, जागा कुठून आणायची? आणि नव्या पत्त्यावर जायला जुनी सही लागते! बिटकॉइन काढून गायब झालेला सातोशी नाकामोतो सही करायला येणार का? आमच्या आजोबांचीच केस. अशी नाणी गोठवावीत की चोराला सोडावीत, यावर बिटकॉइनवाले भांडतायत. माझं मत गोठवा असं आहे. फेराला हरकतीचे पंधरा दिवस देतात, इथं काही वर्षं द्या, पण मुदत संपली की गोठवा.

शेवटचं. सातबारा ब्लॉकचेनवर टाकतो म्हणणारे तुमच्याकडंही येतील. आपल्याकडं कितीतरी शेतं अजून मयतांच्या नावावर आहेत. सहीची पद्धत बदलायची झाली तर त्यांच्या वतीनं नवी की कोण घेणार, हे त्या येणाऱ्यांना विचारा आणि उत्तर लेखी घ्या. राहिलेलं बाहेर बोलू, हॉल रिकामा करून द्यायचाय.