पेटी गेली, टोकन आलं

(दृश्य: जिल्हा परिषद, बांधकाम विभाग. कपाटामागची लोखंडी पेटी.)

ही निविदा पेटी. वरच्या फटीतून लिफाफा टाकायचा, कुलपावर लाखेचं सील, ठरल्या दिवशी साहेबांसमोर उघडायची. पेटीत खोट नव्हती. खोट होती पेटीकडे येणाऱ्या या जिन्यात. शेवटच्या दिवशी इथं कोण उभं असायचं, ते कुठल्याही जुन्या ठेकेदाराला विचारा. आधी कोरा फॉर्मच मिळायचा नाही; मिळालाच तर लिफाफा टाकू द्यायचे नाहीत. कामं वाटून झालेली असायची. त्याला सगळे सरळ ‘रिंग’ म्हणायचे.

(दृश्य: संगणकाचा पडदा.)

२०१४ मध्ये राज्य शासनानं ३ लाखांवरच्या कामांना आणि खरेदीला ई-निविदा सक्तीची केली; कामांसाठीची ही मर्यादा पुढं वाढवली गेली. फॉर्म ‘महाटेंडर्स’ या सरकारी निविदांच्या संकेतस्थळावर आला. आता तो कुणीही, कुठूनही उतरवून घेतो.

(दृश्य: टोकन, जवळून.)

संगणकाला लावायचं, अंगठ्याएवढं हे टोकन म्हणजे ठेकेदाराची डिजिटल सही. इथं जरा थांबू, कारण मेख इथंच आहे. ठेकेदार दरपत्रक भरतो, अपलोड करतो आणि दर कुलूपबंद होतो. उघडणाऱ्या चार अधिकाऱ्यांची नावं आधीच नोंदवलेली असतात. त्यांतल्या दोघांनी आपापलं टोकन लावल्याशिवाय तो दर कुणालाच दिसत नाही. एकट्या साहेबांना आधी डोकावायची सोय नाही. मुदत सर्व्हरच्या घड्याळावर चालते. ‘दोन मिनिटं थांबा, आमचा माणूस येतोय’ हे त्याला सांगता येत नाही. आधी उघडतो तांत्रिक, म्हणजे कागदपत्रांचा लिफाफा, आणि त्यात जो टिकला त्याचाच आर्थिक, म्हणजे दराचा.

(दृश्य: तालुक्याच्या गावातलं ऑनलाइन फॉर्मचं दुकान. उघडा ड्रॉवर.)

प्रत्यक्षात निविदा भरली जाते ती इथं. ड्रॉवरमध्ये टोकनं, प्रत्येकाला रबरबँडनं मालकाच्या नावाची चिठ्ठी. काही चिठ्ठ्यांवर चक्क पिनसुद्धा! नियमानं दोन्ही मालकाच्याच ताब्यात हवं. पण एकाच कामाला भरणाऱ्या तिघांचे दरही कधी कधी या एकाच कीबोर्डवरून जातात. दुकानदार हसतो आणि पुढचं टोकन लावतो.

(दृश्य: रिकामा जिना.)

जिना मोकळा झाला. बाहेरच्या तालुक्यातले ठेकेदार भरू लागले, दर खाली आले. रिंग काही ठिकाणी फोनवर गेली, आणि ई-निविदेच्या मर्यादेखाली बसावीत म्हणून कामांचे तुकडेही पडतात.

(दृश्य: निविदा उघडताना. दोन अधिकारी, एक लिपिक.)

पहिलं टोकन लागलं. दुसऱ्याचा पिन चुकला, पुन्हा टाकतायत. उघडलं. सगळ्यांचे दर एका तक्त्यात, सर्वांत कमी सर्वांत वर. ज्यांनी निविदा भरली त्यांनाही घरबसल्या हाच तक्ता दिसतोय. पूर्वी तो हातानं लिहिला जायचा, खाडाखोडीसकट.

लिपिकानं प्रिंट काढली, टाचणी लावली. कार्यादेशाची, म्हणजे काम सुरू करायच्या हुकुमाची फाइल इथं अजून टेबलांवरूनच फिरते.