पहाटेची रिंग

[काळा पडदा. फोनची जुनी, साधी रिंग. तीनदा वाजते आणि थांबते.]

तुम्हाला ही रिंग नुसती ऐकू आली असेल. माझ्या मात्र पोटात गोळा येतो.

बाबा गेल्याचा निरोप पहाटे सव्वातीनला याच रिंगवर आला. नंतर मी फोन बदलला, रिंग बदलली. रडून झालं, बोलून झालं, वर्षं गेली. मग एका दुपारी बँकेच्या रांगेत उभी असताना मागे कुणाचा तरी फोन वाजला. बाबांचा विचारही डोक्यात नव्हता. आधी तळहात गार पडले. मग छाती धडधडायला लागली, श्वास पुरेना, ओठांभोवती मुंग्या आल्या. आपण आता इथेच कोसळणार, याची मला खात्रीच झाली. तो पॅनिक अटॅक होता, म्हणजे भीतीचा अचानक आलेला झटका. हातातली स्लिप घामाने ओली झाली आणि तिच्यावरची शाई बोटांना लागली. ती निळी बोटं मला अजून दिसतात.

रिंगचा आणि बाबांचा संबंध मला रात्री अंथरुणावर पडल्यावर लागला. शरीराला तो दुपारीच लागला होता.

[मेंदूचं रेखाचित्र. आत खोलवर एक ठिपका उजळतो.]

मेंदूत दोन्ही बाजूंना, कानशिलाच्या आत खोलवर, बदामाच्या आकाराचा एक पुंजका असतो. त्याचं नाव अमिग्डाला. ग्रीक भाषेत याचा अर्थच बदाम. धोक्याच्या खुणा टिपायचं काम मुख्यतः त्याचं. शेजारचा हिप्पोकॅम्पस प्रसंग जपतो, म्हणजे काय घडलं, कुठे, कधी, कुणासोबत. नोंदी दोघांच्या वेगळ्या, म्हणूनच प्रसंग विसरला तरी भीती मागे राहू शकते.

एदुआर क्लापारेद या स्विस डॉक्टरांनी 1911 साली अशीच एक गोष्ट नोंदवली. त्यांच्या एका रुग्ण बाईंना नवं काहीच लक्षात राहत नसे. डॉक्टर रोज भेटायचे, तरी बाईंना ते रोज अनोळखीच. एकदा त्यांनी बोटांत टाचणी लपवून बाईंशी हस्तांदोलन केलं. टाचणी टोचल्याचंही बाई लगेच विसरल्या. पण पुढच्या वेळी डॉक्टरांनी हात पुढे केला, तेव्हा त्यांनी आपला हात मागे घेतला. का, ते त्यांना नीट सांगता येईना.

आज कुणी असा प्रयोग करू धजणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण तो मागे घेतलेला हात माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. पॅनिक अटॅक येणाऱ्या माणसाला आपण सहज विचारतो, "अरे, पण घाबरण्यासारखं झालं तरी काय?" त्याला ते सांगता आलं असतं, तर त्याने आधीच सांगितलं असतं.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, असं आपण म्हणतो. भीतीच्या आठवणीचं नेमकं हेच होतं. ती एका खुणेपुरती राहत नाही. एका रिंगवरून सगळे फोन, एका बंद लिफ्टवरून सगळ्या बंद खोल्या. वासाचं तर विचारूच नका, एका झुळकेसरशी तो माणसाला वीस वर्षं मागे नेऊन ठेवतो.

आणि पहिल्या अटॅकनंतर त्या अटॅकचीच आठवण तयार होते. जिना चढल्यावर छाती सगळ्यांचीच धडधडते, पण ज्याला अटॅक येऊन गेलाय त्याला वाटतं, आलाच तो पुन्हा. त्या धास्तीने धडधड वाढते, धडधडीने धास्ती वाढते. श्वास भराभर घेतल्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे मुंग्या येतात, गरगरतं. मग तर खात्रीच पटते की काहीतरी भयंकर होतंय. डेव्हिड क्लार्क या मानसशास्त्रज्ञाने 1986 मध्ये हे चक्र मांडलं. छातीत पहिल्यांदा असं झालं तर डॉक्टरांकडून तपासून घ्यायलाच हवं. पण हृदय ठीक आहे हे कळल्यावर एक गोष्ट जवळ ठेवावी: अटॅकची लाट बहुतेक वेळा काही मिनिटांतच टोकाला जाते आणि मग ओसरू लागते.

ती ओसरेपर्यंत माणूस तिथे थांबत नाही, हीच खरी अडचण. मीही थांबले नव्हते. स्लिप चुरगाळून बाहेर पळाले, बरं वाटलं, आणि शरीर शिकलं की पळालो म्हणून वाचलो. त्या बँकेत मी दोन वर्षं पाऊल टाकलं नाही.

[रिकामी खुर्ची. टेबलावर फोन.]

1924 मध्ये मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या छोट्या मुलाबद्दल लिहिलं. तो आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा जरा लांब ठेवला जायचा, मग हळूहळू जवळ आणला जायचा. शेवटी पीटरने सशाला हात लावला. आजच्या उपचारांतही असंच बेताबेताने सामोरं जायला शिकवतात. यात जुनी आठवण पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवी तयार होते: खूण आली, आणि काही वाईट झालं नाही. म्हणून थकव्यात किंवा नव्या जागी जुनी भीती पुन्हा डोकं वर काढू शकते. तसं झालं म्हणजे आधीची मेहनत वाया गेली, असं मुळीच नाही.

माझ्या समुपदेशकांनी मला तीच रिंग फोनवर लावायला सांगितली. रोज दुपारी, खुर्चीत बसून, आवाज अगदी बारीक. पहिल्या दिवशी मी दुसऱ्या रिंगला फोन उलटा करून ठेवला. पाचव्या दिवशी हात थरथरले, पण बसून राहिले. नंतर एका दुपारी रिंग वाजत असताना भलतंच काहीतरी आठवलं. बाबांचा फोनही याच रिंगवर यायचा. मी प्रवासाला निघाले की हमखास. "पोचलीस का?" एवढंच विचारायचे आणि ठेवून द्यायचे.

त्या दिवशी मी रिंग पूर्ण वाजू दिली.

[रिंग पुन्हा वाजते. या वेळी ती मध्येच तुटत नाही.]