पैसा आटला म्हणून वाचलेली गावं

मंडळी, जुन्या वास्तूंचं एखादं छोटं गाव बघायला गेलो की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे किती जुनं? गाइडही एक सन सांगून मोकळा होतो. माझं म्हणणं, त्याला दुसरंच विचारा. इथला पैसा कधी आटला?

गावात पैसा खेळत असला की माणूस जुनं पाडतो आणि नवं बांधतो. त्यात गैर काही नाही. हौसेनं जपलेली गावं थोडी. बरीचशी वाचली ती नवं बांधायची ऐपत उरली नाही म्हणून. इटलीतल्या सान जिमिन्यानोमध्ये श्रीमंत घराण्यांनी एकमेकांवर कुरघोडी करायला उंचच उंच मनोरे उभारले होते. १३४८च्या प्लेगनं गावाचं कंबरडं मोडलं, पाठोपाठ ते फ्लोरेन्सच्या अमलाखाली गेलं. खुद्द फ्लोरेन्समध्ये असे बहुतेक मनोरे छाटले गेले. इथे मात्र १४ अजून उभे आहेत.

इंग्लंडमधलं लॅव्हनम तर निळ्या लोकरी कापडावर गबर झालेलं. सोळाव्या शतकात कोल्चेस्टरकडे हलकं, स्वस्त कापड विणलं जाऊ लागलं आणि इथला धंदा बसला. पुढे विटांच्या सरळसोट दर्शनी भिंतींची टूम निघाली, तेव्हा ठिकठिकाणी जुन्या लाकडी घरांवर विटांचं कातडं चढलं. इथे ते फारसं कुणाला परवडलं नाही. म्हणून आज लोक तिथली वाकडीतिकडी घरं बघायला जातात. ती वाकडी का? सुतार ओकचं लाकूड ओलं असतानाच वापरत. वाळलेला ओक इतका कठीण की पटाशी चालत नाही. घर उभं राहिल्यावर लाकूड वाळत गेलं आणि पिळवटलं. फोटो काढणाऱ्यांना तो वास्तुविशारदाचा खट्याळपणा वाटतो, वाटू दे.

खरी धास्ती पैसा परत येतो तेव्हाची. पर्यटक वाढले की डागडुजी सुरू होते, आणि सिमेंटचं पोतं सगळीकडे मिळतं. जुन्या भिंतीचा चुना मऊ आणि सच्छिद्र असतो. भिंतीत शिरलेली ओल सांध्यांतून बाहेर पडते, झीज होते ती सांध्यांची, आणि सांधे पुन्हा भरता येतात. तिथे सिमेंट भरलं की ओलीची वाट बुजते. मग ती विटेतून किंवा दगडातून बाहेर पडू लागते, सोबत क्षार घेऊन. तुम्ही भिंतीच्या पायथ्याशी वाका. सांधे करकरीत, पुढे आलेले आणि मधल्या विटांचे पापुद्रे सुटलेले दिसले, तर समजा, दुरुस्तीच भिंतीला खातेय. बोट लावा, विटेची पूड हाताला येईल.

अशा गावात कुठे परांची बांधलेली दिसली तर गाइडला खुशाल पुढे जाऊ द्या. गवंड्याशी बोला. चुना किती मुरवलाय, वाळू कुठली, एवढं विचारलंत तरी तो हातातली थापी खाली ठेवून बोलायला लागतो.